एका राफेलच्या पैशात किती शाळा? हे गणित मांडायचं कसं

प्रश्न असा आहे: 'एका लढाऊ विमानाच्या किमतीत शेकडो शाळा उभ्या राहतील, गावोगावी नळ येतील. मग सरकार रस्ते-पाणी-दवाखाने मागे ठेवून शस्त्रांवर एवढा पैसा का घालतं? आणि हा खर्च कमी केला तर आमच्यापर्यंत काय पोचेल?'

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण तिथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. उद्या केंद्राने संरक्षणातून ५० हजार कोटी रुपये कापले, तर त्यातून महाराष्ट्राच्या वाट्याला आपोआप येणारी रक्कम शून्य आहे. राज्यांना वाटा मिळतो तो केंद्राच्या करउत्पन्नात, केंद्राने वाचवलेल्या खर्चात नाही. पंधराव्या वित्त आयोगाने विभाज्य करांतला, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायच्या केंद्रीय करांतला, ४१ टक्के हिस्सा राज्यांना दिला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठरवला. खर्च कमी झाला म्हणून हा विभाज्य निधी वाढत नाही. संरक्षण हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीतला विषय आहे. सार्वजनिक आरोग्य, पाणी आणि राष्ट्रीय महामार्ग वगळता बाकीचे रस्ते राज्यसूचीत आहेत आणि शिक्षण समवर्ती सूचीत. म्हणजे विमान ज्या तिजोरीतून येतं, तिच्यातून तुमच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार सहसा निघतच नाही. केंद्राने ठरवलं तर तो पैसा केंद्र पुरस्कृत योजनेत टाकता येतो, राज्यांना कर्ज म्हणून देता येतो किंवा राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवावी लागणारी खर्चातली दरी, कमी करायला वापरता येतो. यातलं काय होईल हा वेगळा राजकीय निर्णय असतो, आणि गेल्या काही वर्षांत ओढा तूट कमी करण्याकडे आहे.

आता आकडे. सगळे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पीय अंदाजांतले घेतो, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांची सरमिसळ होणार नाही. केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी. संरक्षण मंत्रालय ६.८१ लाख कोटी, म्हणजे एकूण खर्चाच्या साधारण साडेतेरा टक्के आणि जीडीपीच्या १.९ टक्के. रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय २.८७ लाख कोटी, रेल्वेला अर्थसंकल्पातून २.५२ लाख कोटींचं भांडवली साहाय्य. आणि व्याज? १२.७६ लाख कोटी. संरक्षणाच्या जवळपास दुप्पट. 'तोफा की रस्ते' या वादात व्याजाचा हा आकडा कुणी काढत नाही, पण सगळ्यात मोठा लचका तोच तोडतो.

संरक्षणाचे ६.८१ लाख कोटी म्हणजे शस्त्रखरेदी, ही समजूतही सोडावी लागेल. हा खर्च चार मागण्यांमध्ये, म्हणजे संसदेची मंजुरी लागणाऱ्या खर्चाच्या चार गटांमध्ये, विभागलेला असतो, क्रमांक १९ ते २२. त्यांतली महसुली मागणी ३.११ लाख कोटींची: पगार, रेशन, इंधन, दारूगोळा, सुटे भाग, दुरुस्ती. निवृत्तिवेतन १.६१ लाख कोटी, म्हणजे शंभरातले साडेतेवीस रुपये, ३४ लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांसाठी. नागरी मागणी २८,६८२ कोटींची. विमानं, जहाजं, तोफा, संशोधन, बांधकाम ज्यात येतं ती भांडवली मागणी १.८० लाख कोटींची, शंभरातले साधारण सव्वीस रुपये. कपात करायची म्हटली की हात पहिल्यांदा या सव्वीस रुपयांकडेच जातो, कारण पगार आणि पेन्शन कुणाला थांबवता येत नाही. जवानांना चार वर्षांसाठी भरती करणाऱ्या अग्निपथ योजनेमुळे पेन्शनचा बोजा हलका होईल असं म्हणतात, ते खरं आहे. पण २०२२ मध्ये जुन्या पद्धतीने भरती झालेला जवान पंधरा-सतरा वर्षांनी निवृत्त झाला असता, त्यामुळे ती बचत हिशेबात दिसायला लागेल २०३७ च्या पुढे. पुढच्या पाच अर्थसंकल्पांसाठी तिचा उपयोग नाही.

बरं, त्या सव्वीस रुपयांतलं तरी मोकळं किती? फार थोडं. मोठी खरेदी एका वर्षात होत नाही. आधी संरक्षण खरेदी परिषद गरज मान्य करते, मग निविदा, तांत्रिक छाननी, प्रत्यक्ष चाचण्या, किंमत ठरवणारी समिती, आणि ३,००० कोटींच्या वरचा व्यवहार असेल तर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती. करारावर सही झाली की साधारण १५ टक्के आगाऊ आणि बाकी रक्कम टप्प्याटप्प्याने, काम पुढे सरकेल तशी. म्हणजे यंदाच्या भांडवली तरतुदीतला मोठा भाग पाच-सात वर्षांपूर्वी केलेल्या करारांचे हप्ते असतात. याला बांधील दायित्व म्हणतात. हप्ता चुकवला तर दंड बसतो आणि वस्तूही उशिरा येते. आज संसदेत कुणी 'शस्त्रखरेदी २० टक्क्यांनी कमी करा' म्हटलं, तर कात्री जुन्या करारांना लागत नाही. ती लागते नव्या करारांना, आणि त्याचा परिणाम दिसतो आणखी सात वर्षांनी.

आता राफेल आणि शाळा. २०१६ चा ३६ विमानांचा करार साधारण ५९ हजार कोटींचा होता. भागाकार करून लोक 'एक विमान सोळाशे कोटींचं' म्हणतात. पण त्या रकमेत क्षेपणास्त्रं, सुटे भाग, देखभालीची हमी, भारतासाठी केलेले खास बदल आणि तळांवरच्या सुविधा, सगळं आलं. नुसत्या विमानाची किंमत ती नव्हे. दुसरीकडे विमानाचं इंधन, इंजिनांची ओव्हरहॉल, पुढच्या तीस वर्षांतली सुधारणा हे त्यात नाही. म्हणजे आकडा एका बाजूने फुगलेला आणि दुसऱ्या बाजूने अपुरा.

शाळेच्या बाजूची चूक जास्त मोठी आहे. लोक शाळा म्हणजे इमारत धरतात. समजा दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची शाळा आहे. बांधकाम तीस लाखांचं धरू. शिक्षकाचा पगार महिना साठ हजार धरला, वेतनवाढ शून्य धरली, तरी दोघांचे वर्षाला १४.४ लाख होतात. तीस वर्षांत ४.३२ कोटी. इमारत त्याच्या सात टक्केही नाही. विमानाच्या पैशात शाळा 'बांधता' येतील हे खरं, पण चालवायच्या कुणी, कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कुठल्या खात्यातून, हा प्रश्न उरतो. दरवर्षीचा खर्च एकदाच मिळालेल्या रकमेतून भागत नाही. दवाखान्याचंही तेच. ग्रामीण रुग्णालयाची इमारत उभी राहते, उद्घाटनाची कोनशिला बसते, आणि भूलतज्ज्ञाचं पद रिक्त असतं म्हणून शस्त्रक्रियागृहाला कुलूप. तिथे भांडवल कमी पडलेलं नसतं.

महसुली खर्च म्हणजे उधळपट्टी आणि भांडवली खर्च म्हणजे विकास, ही समजूत दोन्ही बाजूंना सारखीच नडते. सैन्याचं उदाहरण घ्या. महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०१७ मध्ये लष्कराच्या दारूगोळ्याचा ताळेबंद मांडला. तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा तीव्र लढाईचे दहा दिवसही पुरणार नाही, असा तो होता. तोफ भांडवली मागणीतून येते, तिचा गोळा महसुलीतून. तोफ संचलनात दिसते, गोळा दिसत नाही. रस्त्यांच्या बाबतीत डांबरी थराचं नूतनीकरण वेळेवर केलं तर रस्ता टिकतो. ते एक पावसाळा पुढे ढकललं तर पाणी खडीच्या थरापर्यंत जातं आणि मग नुसता वरचा थर पुरत नाही, रस्ता खालपासून करावा लागतो. सार्वजनिक बांधकाम विभागात देखभाल ३०५४ या लेखाशीर्षाखाली आणि नवं बांधकाम ५०५४ खाली. वरून कात्री लागली की ती आधी ३०५४ ला लागते, कारण ५०५४ मध्ये आमदारांची कामं असतात. खड्ड्यांचं मूळ तिथे आहे, राफेलमध्ये नाही.

तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांतलं अंतर हा यापुढचा मुद्दा, आणि माझ्या मते या सगळ्या वादात तोच सगळ्यात महत्त्वाचा. २०२४-२५ मध्ये संरक्षणाच्या भांडवली खर्चासाठी १,७२,००० कोटी ठेवले होते. वर्षाच्या अखेरीकडे मांडल्या जाणाऱ्या सुधारित अंदाजात ते १,५९,५०० कोटी झाले. साडेबारा हजार कोटी वर्षभरात खर्ची पडणार नाहीत म्हणून कमी केले. त्याच वर्षी घरोघरी नळ देण्याच्या जलजीवन मिशनला ७०,१६३ कोटी होते आणि सुधारित अंदाज आला २२,६९४ कोटींवर. जवळपास साडेसत्तेचाळीस हजार कोटींचा फरक. हा पैसा कुणा तोफेने खाल्ला नाही. योजनेची मूळ मुदत २०२४ पर्यंतची, ती वाढवण्याची घोषणा आली २०२५ च्या अर्थसंकल्पात. कामांच्या किमती मूळ अंदाजापेक्षा वाढलेल्या, त्यामुळे वाढीव खर्च कुणी सोसायचा यावर केंद्र आणि राज्य यांच्यात घोळ. महाराष्ट्रासारख्या राज्याला निम्मा वाटा स्वतः घालावा लागतो. राज्याने आपला हिस्सा घातला नाही तर केंद्राचा पुढचा हप्ता अडतो, आणि केंद्राचा अडला की ठेकेदाराची देयकं थकतात.

गावात याचं रूप कसं असतं? टाकी बांधून झाली, पाइप पुरले, घरासमोर तोटी बसली, तोटीचा फोटो अपलोड झाला. उद्भव विहीर, म्हणजे योजनेला जिच्यातून पाणी येतं ती, मार्चमध्ये आटते. किंवा विहिरीला पाणी आहे पण पंपाची वीजजोडणी नाही. किंवा जोडणी आहे, पण पाणीपट्टीची वसुली निम्म्यावर असल्याने बिल थकलं आणि लाइन कापली. या तिन्ही प्रकारांत कागदावर योजना पूर्ण असते आणि आणखी भांडवल ओतून काही सुटत नाही. पहिल्याला भूजल सर्वेक्षणाचं काम आधी नीट व्हायला हवं होतं, दुसऱ्याला महावितरणशी समन्वय, तिसऱ्याला ग्रामपंचायतीची हिंमत.

महामार्गांत पैशापेक्षा जमीन अडवते. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल-इंदापूर टप्पा २०११ मध्ये हाती घेतला, आणि तो किती रखडला हे कोकणातल्या माणसाला सांगायची गरज नाही. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात कलम ३-ए ची, म्हणजे जमीन घेण्याच्या इराद्याची, अधिसूचना निघाल्यावर एका वर्षात ३-डी ची, म्हणजे प्रत्यक्ष संपादनाची, घोषणा झाली नाही तर पहिली अधिसूचना रद्द ठरते, सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर निवाडा, नुकसानभरपाई, त्यावर लवाद. मधल्या दोन किलोमीटरची जमीन ताब्यात नसली तर ठेकेदार यंत्रं हलवतो, मुदतवाढ आणि दरवाढ मागतो, आणि आर्थिक दृष्ट्या कच्चा असेल तर काम सोडून जातो. मग उरलेल्या कामाची नवी निविदा, चढ्या दराने. अशा रस्त्याची तरतूद दुप्पट केली तरी तो एक दिवस आधी होत नाही.

संरक्षणातही उशिराची किंमत मोजावी लागते. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ चा. पहिली २०१२ च्या अखेरीस यायची होती. आयएनएस कलवरी नौदलात दाखल झाली डिसेंबर २०१७ मध्ये आणि सहावी आयएनएस वागशीर जानेवारी २०२५ मध्ये. मंजूर खर्च १८,७९८ कोटींवरून २३,५६२ कोटींवर गेला होता तो २०१० मध्येच. संरक्षणात बचत शोधायची असेल तर ती इथे आहे: निर्णयाला लागणाऱ्या वर्षांत. पण 'खरेदी प्रक्रिया दोन वर्षांनी कमी करा' या मागणीवर मोर्चे निघत नाहीत.

संरक्षण आणि पायाभूत सुविधा यांतली सीमारेषा तशीही पुसट आहे. सीमा रस्ते संघटनेचा पैसा संरक्षणाच्या नागरी मागणीत असतो. रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा त्यांनीच केला. तो लष्करी वाहतुकीइतकाच लाहौलच्या बटाटा-वाटाणा शेतकऱ्याचाही आहे. उलट बाजूला २७२ किलोमीटरचा उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला रेल्वेमार्ग. त्याचं सामरिक महत्त्व उघड आहे, पण त्याचे ४३ हजार कोटींहून जास्त रुपये रेल्वेच्या खात्यात दिसतात. सीमा सुरक्षा दल आणि आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) गृह मंत्रालयाकडे, म्हणून ते 'संरक्षण खर्चात' धरले जात नाहीत. जवळचं पाहायचं तर पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाच्या धावपट्टीवर चालतं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाच्या. त्या धावपट्ट्यांचा खर्च कुठल्या बाजूला मांडणार? महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर असे सात छावणी भाग आहेत. तिथल्या छावणी परिषदांना गटारं आणि दवाखान्यांसाठी मिळणारं अनुदानही संरक्षण मंत्रालयाच्याच मागणीतून जातं.

पायाभूत सुविधांचा आकडा गेल्या काही वर्षांत एवढा कसा वाढला, यातही एक खोच आहे. आधी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण बाजारातून कर्ज काढायचं. ते साचत साचत साडेतीन लाख कोटींच्या आसपास गेलं. २०२२-२३ पासून ही उसनवारी थांबवली आणि तो खर्च थेट अर्थसंकल्पात आणला. निर्णय योग्य होता, कारण लपलेलं कर्ज उजेडात आलं. पण 'रस्त्यांवरचा खर्च इतका पट वाढला' असं भाषणात ऐकलं, तर त्यातली काही वाढ केवळ जागा बदलल्यामुळे आहे हे लक्षात ठेवा. हायब्रिड ॲन्युइटीच्या कामांत याच्या उलट होतं. सरकार बांधकामाच्या काळात ४० टक्के देतं आणि ६० टक्के पुढच्या पंधरा वर्षांत हप्त्यांनी. रस्ता आज दिसतो, त्याचं दायित्व २०४० च्या अर्थसंकल्पात असेल. संरक्षणाच्या बांधील हप्त्यांसारखंच हे.

मग खरी रस्सीखेच आहे कुठे? केंद्राच्या ११.२१ लाख कोटींच्या भांडवली खर्चात. त्यात संरक्षणाचे १.८० लाख कोटी, म्हणजे १६ टक्के. रस्ते आणि रेल्वे मिळून सव्वापाच लाख कोटींच्या घरात, म्हणजे निम्म्याच्या जवळ. केंद्राने आपला कौल पायाभूत सुविधांच्या बाजूने कधीच दिला आहे. आर्थिक बाजूने पाहिलं तर या कलाला आधारही आहे. भांडवली खर्चाचा एक रुपया अर्थव्यवस्थेत सुमारे २.४५ रुपयांची भर घालतो, असा राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेचा २०१३ चा अंदाज वारंवार दिला जातो. तो जसाच्या तसा शस्त्रखरेदीला लावू नये. आयात विमानाचा रुपया देशाबाहेर जातो. म्हणून तर २०२५-२६ मध्ये १.४९ लाख कोटींच्या शस्त्रखरेदीतले १.११ लाख कोटी देशी उद्योगासाठी राखून ठेवले. 'देशी' शब्दावरही फार विसंबू नका. तेजस मार्क-१ए चं विमान बंगळुरूत बनतं, इंजिन अमेरिकेतून येतं, आणि ते वेळेवर न आल्याने विमानं रखडली.

संरक्षणावर जीडीपीच्या ३ टक्के खर्च झाला पाहिजे, ही मागणी संसदीय समितीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. हिशेब करून बघा. २०२५-२६ चा अंदाजित जीडीपी ३५७ लाख कोटी, त्याचे ३ टक्के १०.७ लाख कोटी. त्या वर्षीच्या तरतुदीपेक्षा ३.९ लाख कोटी जास्त. महामार्ग मंत्रालय आख्खं बंद केलं तरी एक लाख कोटी कमी पडतात. केंद्राची महसुली जमा मुळात ३४.२ लाख कोटींची, जीडीपीच्या साडेनऊ टक्क्यांच्या थोडी वर, आणि तिच्यातले सदतीस टक्के व्याजात जातात. तीन टक्क्यांची मागणी करणाऱ्याने कुठला कर वाढवायचा किंवा काय बंद करायचं हे सांगितलं नाही, तर ती मागणी गांभीर्याने घेऊ नये. 'शस्त्रं कमी करा' म्हणणाऱ्यालाही हाच नियम लागू. २०२० मध्ये गलवाननंतर काय झालं ते बघा: १,१३,७३४ कोटींची भांडवली तरतूद वर्ष संपेपर्यंत १,३४,५१० कोटी करावी लागली, तीही महामारीच्या वर्षात, जेव्हा करवसुली आटली होती. घाईच्या खरेदीत घासाघीस होत नाही. जे तयार आहे ते विकणारा सांगेल त्या भावात घ्यावं लागतं.

स्वतः पडताळायचं असेल तर केंद्राच्या अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर खर्चाच्या अंदाजपत्रकात प्रत्येक मागणीचं पान असतं. त्यात तीन स्तंभ शेजारी ठेवा: मागच्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च. बातमी पहिल्यावर बनते, काम किती झालं ते तिसऱ्यात दिसतं. लेखाशीर्षाचा पहिला अंक २ किंवा ३ असेल तर महसुली, ४ किंवा ५ असेल तर भांडवली, ६ किंवा ७ असेल तर कर्ज. ४०७६ म्हणजे संरक्षणाचा भांडवली खर्च. तुलना करताना महसुली महसुलीशी आणि भांडवली भांडवलीशी लावा, आणि शिक्षण-आरोग्य असेल तर केंद्र आणि राज्य यांची बेरीज घ्या, नाहीतर या खात्यांवरचा खर्च आहे त्यापेक्षा खूपच कमी दिसतो.

आणि महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर खरं पान मुंबईत उघडतं. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा होता, महसुली तूट ४५,८९१ कोटींची. म्हणजे रोजचा खर्च भागवायलाच कर्ज. एकट्या लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी. ती योजना हवी की नको यावर मतं असतील, पण शाळा-रस्ते-पाणी यांची स्पर्धा या आकड्याशी आहे, राफेलशी नाही. तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या कामाबद्दल विचारायचं असेल तर 'निधी मंजूर आहे का' असं विचारू नका. मंजूर जवळपास सगळंच असतं. प्रशासकीय मान्यतेची तारीख, कार्यारंभ आदेशाची तारीख, बीम्स या राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर त्या लेखाशीर्षात वितरित झालेली रक्कम आणि आजपर्यंत निघालेली देयकं, हे चार तपशील लेखी मागा. मागायचं ते डिसेंबरच्या आत. फेब्रुवारीत माहिती हातात आली तर पुरवणी मागण्यांचं हिवाळी अधिवेशन होऊन गेलेलं असतं, आणि ३१ मार्चला न वापरलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो.